मागच्या चाकांचा दांडा

गॅरेजच्या बाकावर पेपर वाचायचं सोंग घेऊन मास्तर ऐकत होते. मेकॅनिक एका बाईशी बोलत होता. शेजारी तिचा भाऊ उभा होता.

"ताई, ही चारही चाकं ओढणारी गाडी ना? मागच्या चाकांना जोर देणारा दांडाच कुणीतरी काढलाय."

ती भावाकडे वळली. "दादा, गाडी तुझ्याकडून घेतली मी!"

"अगं, फार घरघरायची. दांडा काढला, आवाज गेला."

"आणि मला सांगितलंस, दुरुस्त केली?"

"आवाज थांबला की नाही?"

"तोंड वर करून बोलू नकोस! परवा आईला दवाखान्यात नेताना चिखलात रुतलो, तेव्हा काय म्हणालास? सांग यांना!"

"तुला चालवता येत नाही, म्हणालो."

"ही घे किल्ली. त्याच चिखलातून आता आईला तू घरी आण."