बिनशिंगाच्या बकऱ्या

माजं माहेर इंदुरीचं, नदीकाठचं. लगीन झालं आन् लोणावळ्याला आले, कातारकाम करनाऱ्याच्या घरात. कातारकाम म्हंजी काय सांगू तुमाला बाई, लाकडाला दोरीचा येढा घालायचा, येकानं दोरी वढायची, लाकूड गरगर फिरतं, दुसऱ्यानं त्याला पटाशी लावायची. दोरी माज्याकडं, पटाशी आमच्या मालकाकडं. दोगांतलं येक उठलं की काम थांबलं. सासू म्हनायची, ह्या धंद्यात नवराबायकूला भांडन परवडत न्हाई. ते खरंच हुतं.

उन्हाळ्यात बंगल्यांवर मुंबैची मानसं यायची, त्यांच्या पोरांसाटी आमी वाघबकरीचा डाव करायचो. फळीवर रेघा कोरलेल्या, वर वाघ आन् बकऱ्या. बकऱ्या लय नाजूक, डोक्याला भोकं पाडून बारकी शिंगं सरसानं चिकटवायची. बाजारातला दुकानदार म्हनायचा, शिंगांवरच गिऱ्हाईक भुलतं.

चंद्री माजी पयली लेक, तवा रांगत हुती. टोपलीतली बकरी तिनं तोंडात घातली आन् शिंग सुटलं, हरभऱ्यायेवढं, घशात गेलं. मालकानं तिला उलटी धरली, पाठीत थापट्या मारल्या, मी बोट घातलं, शेजारची मावशी धावली, दवाखान्याच्या वाटंवरच गेली माजी पोर. लय गोड हुती वो. मागनं दुसरं झालं न्हाई. कुनी कुनाला दोष दिला न्हाई.

सुतक फिटलं, मालक कामाला बसले, मी बी बसले, मान खाली घालून दोरी वढली, वढली, बकऱ्या झाल्या. मंग त्येंनी शिंगासाटी बारीक काडी लावली आन् माजा हात थांबला. मी म्हनलं, हे मी वढनार न्हाई. त्ये म्हनले, अगं दुकानदार माल घ्यायचा न्हाई, खायचं काय. मी म्हनलं, माती खाऊ. काम बंद पडलं. दुकानदार दारात आला, म्हनला, वैनी, बिनशिंगाची बकरी कुत्र्यावानी दिसती, कोन घील. मी म्हनलं, भाऊ, पोरांना बकरी म्हनलं की बकरीच असती. त्यो तणतणत गेला. मालक उठले. मला वाटलं, आता मार बसतोय. त्येंनी शिंगांचा डबा घेतला, चुलीत रिकामा केला आन् तितंच बसून हमसून हमसून रडले. चंद्री गेली तवा रडले न्हवते.

त्या दिसापास्नं बकरी येकाच लाकडाची, मोठ्या लिंबायेवढी, न्हान पोराच्या तोंडात मावायची न्हाई अशी. येकेक दगडावर आपटून बघायचो, टवका निगाला की चुलीत. दुकानदारानं तोंड फिरवलं तवा मी पाटी डोक्यावर घिऊन बंगल्याबंगल्यानं हिंडले. लय वाईट दिस काडलं.

आता मालक न्हाईत. पुतन्या धंदा बघतो, त्यो बी शिंगं बसवत न्हाई. मी वट्यावर बसून विकते. येखादं तान्हं बकरी उचलून तोंडाला लावतं, आई हिसकाया जाती. मी म्हनते, चावू दे गं, दात येत्यात त्याला, काय हुत न्हाई, औक्षवंत हू दे लेकरू. म्हनते खरी, पन त्यानं ती खाली ठेवस्तवर माजा जीव भांड्यात पडत न्हाई.