खुराड्याचा उतार

खुराड्यात पाणी का शिरतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्या मंगळवारी मी तुमसरहून आणलेल्या टिना, म्हणजे पत्रे, कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकत होतो. मुंगूस शिरू नये म्हणून जाळी लावून झाली होती, छप्पर तेवढं राहिलं होतं. बायको नागपूरला दवाखान्यात होती, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. दुपारी तिचा फोन आला.

"टिनांचा उतार कुकडे देला?"

"खुराड्याच्या दाराकडे."

"कायले? सारं पानी आत जाईन ना. मागं द्या उतार."

"आता खिळे ठोकून झाले."

"मंग कोंबड्याईले छत्र्या घेऊन द्या. मास्तर झाले, पन पानी कुकडे जाते थे समजत नाही तुमाले."

मी हसलो. म्हटलं, "तू ये, मग उलटवू. तू खालून धर, मी वर चढतो."

"येतो ना शुक्रवारी," ती म्हणाली.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. ऑपरेशनच्या आधीच तिचं हृदय बंद पडलं होतं. दाराचा कोयंडा ठोकायला घेतलेली हातोडी माझ्या हातातच होती. मी विचारलं, "म्हणजे शुक्रवारी येत नाही ती?"

तो म्हणाला, "नाही, भाऊजी."

पाऊस आला की कोंबड्या अजूनही मागच्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या राहतात. उतार मी उलटवलेला नाही.