मामंजींची पाठ

अगं, मुखेडला सासरी येऊन महिनाच झाला होता. आमचं मेडिकलचं शिक्षण अर्धं मोबाइलवर, अर्धं नांदेडला वॉर्डात. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर कुणाच्या तरी पाठीवर बोटं ठोकून छाती तपासून दाखवायची होती, नाहीतर सोमवारी वॉर्डात प्रवेश नाही. घरात फक्त मामंजी, आणि त्यांच्यासमोर माझा आवाजसुद्धा निघत नसे.

मोबाइलवरचं सरांचं बोलणं ऐकून मामंजीच सदरा काढून बसले. "ठोक बाई, लाजू नको."

मी जीव खाऊन ठोकलं. तेवढ्यात सासूबाई दारात.

"अगं माय! महिन्यातच सासऱ्याला मारून राहिलीस?"

माइक चालू! सगळा वर्ग हसला. सर कसंबसं म्हणाले, "सोमवारी या वॉर्डात."

मामंजी सदरा घालत सासूबाईंना म्हणाले, "पोरगी पास झाली. पुढच्या वर्गाला तुझी पाठ."