बादलीतला शर्ट

नेकनूरच्या स्टँडवर बीडची गाडी यायचं नाव घेईना. वनमाला बाकावर ताटकळत बसली होती, आणि पाठीमागं दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा रंगल्या होत्या.

"तुळजा, तुझा अभिमन्यू अजून गावातच दिसतोय?"

"दिवाळीपासून घरीच हाय. त्याची चाकणची कंपनी बंद पडली न्हवं का."

"कावून गं?"

"मंदी हाय म्हणं. लोक गाड्या घेईनात."

"कावून घेईनात?"

"पगार न्हाईत तर कशानं घेतील?"

"आन् पगार कावून न्हाईत?"

"कंपन्या बंद पडल्यात म्हणून. भिवरा, लई नको इचारू. त्यानं मलाबी असंच गोल फिरवून सांगितलं."

"लई वंगाळ झालं बाई."

"वंगाळच की. पण किती वर्सांनी लेकरू चुलीम्होरं बसून तव्यावरची भाकर मागतंय. त्याचा बाप गेल्यापासून घरात कुनी मोठ्यानं बोललं नव्हतं गं."

"मग ऱ्हाऊ दे की त्याला."

"ऱ्हातोय कुठं! काल फोन आला. कंपनी सुरू व्हायलीय. उद्या निघतो म्हणतोय, कंपनीचा शर्ट तेवढा धुऊन ठेव."

बीडची गाडी येऊन लागली. वनमाला उठली नाही.

"मग धुतला का न्हाई?"

"सकाळीच भिजू घातलाय."

"मग कशाचा घोर? ह्या उन्हात घटकाभरात वाळंल."

"ठावं हाय मला. म्हणून तर बादलीतच ठेवून आले."