लाथेआधी पडलेला माणूस

वच्छलाबाई: ...आन् पाहा बापा, बारा गुंडे, बारा बंदुका, गोळी एकालेही लागत नाही. हीरो मात्र एका हातानं केस सारखे करून राह्यला. अबे, जीव वाचव आधी, भांग मंग पाडजो!

समीक्षा: अगं आजी, हसू आवरेना मले. माझा आवाज घुसला रेकॉर्डिंगमध्ये.

वच्छलाबाई: घुसू दे. लोकायले वाटंल, खरंच कोणीतरी संगं बसून पाहून राह्यलं. पुढं चालव.

समीक्षा: आता हीरोईन येते. पळत.

वच्छलाबाई: ये माय, ये. कापसाच्या पऱ्हाटीतून धावत आली, पण लुगड्याले एक काडी नाही चिकटली. आम्ही सांजच्याले घरी येत होतो तं अंगावर निम्मं वावर राहे!

समीक्षा: मस्त! हे आपलंच वावर होतं ना?

वच्छलाबाई: आपलंच. वाघदरीखालचं. मीच पाणी देलं होतं तिले. तांब्या तोंडाले नाही लावला बाईनं, वरून पेली. लाली जाईल म्हून. अठरा दिवस होती ती शूटिंगची मंडळी, मले एकेक दिवस आठवते. कवा पोहे होते, कवा आलुबोंडे होते, सगळं.

समीक्षा: म्हणून तर तुझ्या आवाजाले लोक भाळले. पिक्चर कोणी पाह्यलं नव्हतं चाळीस वर्षांत, अन् आता आपल्या तिसऱ्या भागाले दोन लाख व्ह्यूज झाले. सगळ्यायले तोच सीन आवडला, कड्यावरचा, हीरोची लाथ लागायच्या आधीच गुंडा पडते तो. कमेंटमध्ये नुसतं तेच आहे, लाथेआधी पडला, लाथेआधी पडला.

वच्छलाबाई: हं. पुढचं लाव.

समीक्षा: थांब, दार वाजलं. या ना, या. कोण पाह्यजे?

रामीबाई: मोबाइलात पिच्चरवर बोलते ते बाई अठीच राह्यते ना?

समीक्षा: हो, ही काय माझी आजी. अन् आवाज भरते ते मीच. या मावशी, बसा. फोटो काढायचा का संगं? मागच्या हप्त्यात ढाणकीच्या बाजारातून चार जणी आल्या होत्या फोटोले.

रामीबाई: फोटो नाही पाह्यजे. मी रामीबाई. वाघदरीच्या तांड्यावरची. अमरसिंगची याडी, म्हंजे माय.

वच्छलाबाई: समीक्षा, पाणी आण वं.

रामीबाई: पाणी मंग. बाई, तुमी ज्याच्यावर हासल्या ना, लाल पट्टा बांधून कड्यावरून पडते तो... तो अमरसिंगचा बाप हाय. माहा मालक.

समीक्षा: अरे बापरे. मावशी, शप्पथ, आम्हाले माहीत नव्हतं. आम्ही पिक्चरवर हसतो, माणसावर नाही हसत.

रामीबाई: पिच्चर कुठं हाय आमच्या घरी, पोरी? आमच्या घरी तो माणूसच हाय.

समीक्षा: खूप लागलं होतं का त्यायले?

रामीबाई: खुबा मोडला. तवापासून लंगडूनच चालते. ऊस तोडाले गेलो तं मी तोडत जाय, तो मोळ्या बांधत बसे. पण तांड्यात इज्जत होती त्याची. फिलमवाला म्हणत होते सारे. पाव्हणे आले का त्याच्यापाशी बसत, सांग म्हणत, कसं झालं. तो सांगे, कमरेचा दोर तुटला म्हून पडलो, नाही तं ते लाथ अशी झेलली असती! पिच्चर कोणी पाह्यलंच नव्हतं. त्यानंही नाही.

समीक्षा: अन् आता पाह्यलं.

रामीबाई: नातीचं लगन हाय बुधवारी. नेरकडचा नवरदेव हाय. त्याच्या दोस्तायनं हे धाडलं, हाच का तुमचा फिलमवाला आजा म्हून. नातवानं मोबाइल त्याच्या हाती देला. तो पाह्यत राह्यला, पोट्टे हासत राह्यले. मंग अमरसिंगनं पाह्यलं. म्हणते, बापू, दोर कुठं हाय? दोर तं दिसतच नाही. तू पेऊन पडला असशील.

वच्छलाबाई: पोटचा पोरगा असं बोलला?

रामीबाई: पोटचाच बोलते, बाई, दुसरं कोण बोलंल? मालक तं उठून बाहेर गेला. चार दिवस झाले, भाकर ताटातच राह्यते. म्हणते, मी मांडवात येत नाही. लोक नवरीले नाही पाहाचे, मलेच पाह्यतीन.

समीक्षा: मावशी, मी आत्ता काढून टाकते तो व्हिडिओ. हे पाहा, तुमच्यासमोर.

रामीबाई: काढला तं साऱ्यायच्या मोबाइलातून जाते का?

समीक्षा: ...नाही जात.

रामीबाई: मंग कायले काढते? मी वेगळ्याच कामानं आली. तुमच्याजवळ हे मोठ्ठं मशीन हाय. त्याच्यात थांबवून थांबवून पाह्यता येते म्हणतात. मले दोर दाखव. जरासाही दिसला तं फोटो काढून दे. मी अमरसिंगच्या नाकासमोर धरते.

समीक्षा: बसा इथं, जवळ. हे पाहा... इथून स्लो करते. हा कडा. हे उभे आहेत. हा हीरो आला.

रामीबाई: पट्ट्याखाली पाह्य. पट्ट्याखाली होता म्हणते.

समीक्षा: पट्टा रुंद आहे ना, काहीच दिसत नाही. मागं झुडूप आहे. पुन्हा पाहू... नाही मावशी. पडतात तेवढंच दिसते. अन् हीरोचा पाय तर अजून जमिनीवरच आहे.

रामीबाई: अजून एक डाव.

समीक्षा: सहा डाव पाह्यलं आपण. कॅमेराच त्या बाजूनं आहे. आजी, तू बोल ना काही. तू होती ना तिथं?

वच्छलाबाई: मी कुठं होती? रोज थोडी जात होती मी! चाळीस माणसायचा सैपाक राहे घरी. हरिसिंग पडला त्या दिवशी मी चुलीपाशीच होती.

रामीबाई: नाव तं मी घेतलं नाही, बाई.

वच्छलाबाई: काय?

रामीबाई: मालकाचं नाव मी कवाच घेत नाही. अठी आल्यापासून नाही घेतलं. तुमाले कसं मालूम?

वच्छलाबाई: कोणी... तवा गावात बोलणं झालं असंल.

समीक्षा: आजी, तू आत्ता म्हणत होती, एकेक दिवस आठवते तुले.

वच्छलाबाई: तू गप राह्य.

रामीबाई: राहू दे पोरी. म्हातारं माणूस हाय, नसंल ध्यानात. येते मी. चारची बस हाय, ते गेली तं मंग सहालेच.

वच्छलाबाई: बस रामीबाई.

रामीबाई: बसून काय करू?

वच्छलाबाई: बस म्हटलं ना. दोर होता.

समीक्षा: तू पाह्यला?

वच्छलाबाई: दोर नाही, नाडा होता. विहिरीतून मोट ओढाचा, जाड. पडाचं काम त्यायच्या मुंबईच्या माणसाचं होतं. तो सकाळून म्हणे, मले ताप आहे. शूटिंगवाला साहेब ओरडून राह्यला, ऊन जाईल, ऊन जाईल. तं समीक्षाच्या आजोबायनं हरिसिंगले पुढं केलं. म्हणे, शेळीसारखा चढते हा. त्यायचा दोर आखूड पडला. मंग हे घरी आले आन् मले म्हणे, गोठ्यातून नाडा काढून दे.

रामीबाई: तुमी देला?

वच्छलाबाई: मीच देला. इंजिन बसवल्यापासून मोट बंद होती, चार वर्सं तो नाडा खुंटीले टांगून होता. उंदरायनं कुरतडला होता एका जागी. हाताले लागलं माह्या. आत्ताही लागते. म्हणणार होती मी, हा नका नेऊ, दुसरा पाहू. नाही म्हटलं. मले शूटिंग पाहाची घाई होती, रामीबाई. सैपाक अर्धा टाकून ह्यायच्या मागं पळत गेली मी.

(पडद्यावर कड्यावरचा माणूस हवेत थांबलेला आहे.)

रामीबाई: पडला तवा होत्या तुमी तठी?

वच्छलाबाई: होती. सगळे हासले. आम्हाले वाटलं, तसंच पडाचं असंल. मीही हासली. मंग तो उठेचना.

रामीबाई: आन् आता पुन्हा हासल्या.

वच्छलाबाई: हो.

रामीबाई: वळखलं नाही? का वळखून हासल्या?

वच्छलाबाई: हासून झाल्यावर ओळखलं. लाल पट्टा पाह्यला तवा. ही म्हणे, आजी, मस्त झालं. मले वाटलं, एवढ्या वर्सांनी कोण पाह्यते आता. चूप राह्यली.

समीक्षा: आजी! मग मले थांबवायचं ना तू! आजोबा तर सगळ्यायले सांगायचे, आम्ही शूटिंगले गाड्या देल्या, बैल देले. मी तेच टाकलं चॅनलवर, अभिमानानं.

वच्छलाबाई: गाड्यायचंच सांगत होते. नाड्याचं नाही. पोलिसात जाईल म्हून भेले. गाडीत घालून ह्यायनंच उमरखेडले नेलं हरिसिंगले. वाटेत त्याले म्हणे, डॉक्टरले सांग, झाडावरून पडलो.

रामीबाई: तसंच सांगतलं त्यानं.

वच्छलाबाई: मालूम आहे.

रामीबाई: मले सांगे, दोर तुटला. कोणाचा दोर, मी इचारलं तं म्हणे, दोर दोरच राह्यते. चाळीस वर्सं मी समजत होती, मुंबईवाल्यायचा असंल. तुमच्या वावरात निंदणाले येत होती मी, बाई. तुमच्या हातचा चहा पेली.

वच्छलाबाई: पेली. मी देत होती. सांगत नव्हती.

रामीबाई: माफी नका मांगू आता.

वच्छलाबाई: नाही मांगत. समीक्षा, ते मशीन सुरू कर. तोच सीन लाव.

समीक्षा: आत्ता? आजी, जरा विचार कर. बाबायले आधी विचारू. आजोबायचं नाव गावात केवढं आहे. बाबा घरात घेणार नाही मले.

वच्छलाबाई: तुया बाप माह्या पोटचा आहे, त्याचं मी पाहीन. लगन बुधवारी आहे. लाव.

रामीबाई: हासू येईल असं नका बोलू, बाई.

वच्छलाबाई: नाही. जे झालं तेवढंच. सुरू आहे का?

समीक्षा: सुरू आहे.

वच्छलाबाई: हा वाघदरीचा कडा. वरती लाल पट्टा बांधून उभा आहे तो हरिसिंग, तांड्यावरचा. मागच्या डावाले मी याच्यावर हासली. तुम्हीही हासले. आता पाय पाहा हीरोचा. पाय जमिनीवर आहे, आन् हा पडला. कारण कमरेचा नाडा तुटला. तो पेला नव्हता. सकाळपासून चारदा कडा चढला होता, साहेब म्हणे तसा. नाडा आमच्या गोठ्यातला होता. कुरतडलेला होता, आन् हे मले माहीत होतं. मी वच्छला, मी माह्या हातानं तो देला. आन् बांधला... ह्यांनी बांधला.

समीक्षा: आजी, 'ह्यांनी' म्हटलं तर लोकायले कसं समजंल, कोणी?

वच्छलाबाई: हं.

समीक्षा: तू कधी घेतलंच नाही ना नाव. मी म्हणू का?

वच्छलाबाई: नाही. मलेच म्हणू दे. बांधला मारोतरावनं. माह्या नवऱ्यानं. आन् हरिसिंगनं आजवर कोणाले आमचं नाव नाही सांगतलं. झालं. एवढंच.

समीक्षा: बंद केलं.

वच्छलाबाई: रडून राह्यली का तू?

समीक्षा: नाही. फक्त... तुझा आवाज शेवटी खूपच खाली गेला, आजी. आला, पण हळू आला. कसं करू मावशी? असंच ठेवू?

रामीबाई: पुन्हा घ्या, बाई. चारची बस जाऊ दे. जरा मोठ्यानं बोला. मालकाले कमी ऐकू येते.