वरच्या मजल्याचा उजेड

नवा रिमोट घेतला तेव्हा मी लई हवेत होतो. कॅमेऱ्यावरूनच लाइट कमीजास्त करायचे, स्टँडपाशी पळायचं नाय. बजाजनगरातल्या माझ्या स्टुडिओत गल्लीतलं अकरा जणांचं कुटुंब बसलेलं. आजोबांची एकच अट होती, "टँकर यायच्या आत उरका. पाणी आठवड्यातनं एकदाच मिळायलंय."

मी लाइट वाढवला की तो आपोआप उतरायचा. आजोबा म्हणले, "लाइट तुमचं ऐकंना का?" मी इरेला पेटलो, एकदम फुल केला. तसा वरच्या मजल्यावरचा नवा फोटोग्राफर कॅमेऱ्यासकट खाली आला.

"भाऊ, माझे लाइट सारखे वाढायलेत. नवरीचं तोंड पार पांढरंफटक येतंय."

त्याच्या कॅमेऱ्यावर माझ्यासारखाच रिमोट, चॅनलही तोच. अर्धा तास आम्ही एकमेकांचेच लाइट फिरवत होतो. पोट धरून हसलो, त्यानं चॅनल बदलला आणि वर गेला.

खाली टँकरचा हॉर्न वाजला. मी घाईघाईत बटण दाबलं. काय सुरेख उजेड पडला, अकरा रिकाम्या खुर्च्यांवर.

वरून आवाज आला, "भाऊ, नवरी बी पळाली. माझीच बादली घेऊन."