रिकाम्या खाटेचा श्वास

चौदा खाटांचे श्वास मी न मोजताच लिहिले. सगळ्यांच्या नावापुढं वीस. जालन्याच्या दवाखान्यात शिकाऊ मेल नर्स म्हणून तवा मला दुसरं वर्ष चालू होतं, म्हणजे नवखा होतो असंबी म्हणायची सोय न्हाई.

आमचं गाव जाफराबादकडचं. वडील छप्पननंतर बौद्ध झालेले, मजुरी करायचे, पण पोरांच्या शाळेच्या बाबतीत कुणाचं बिलकुल ऐकून घ्यायचे न्हाईत. बहात्तरच्या दुष्काळात माय आन् ते खडी फोडायला जायचे, आन् मी मॅट्रिक होऊन घरी माशा मारत बसलेलो. मंग कुणीतरी सांगितलं, नर्सिंगला पोरंबी घेतात, राहायला खोली आन् वर स्टायपेंड. गावात बोभाटा झाला की किसन बाई व्हायला चाल्ला. माय म्हणली, बाई तर बाई, दोन टाईम जेवंल तर.

तिथं साळवे बाई भेटल्या. सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सेसच्या मास्तरीण. अंगानं काडी, पायात कापडी बूट, कधी मागं येऊन उभ्या राहतील कळायचं न्हाई. वर्गात फळ्यावर शिकवायच्या ते थोडं, खरं शिकवणं खाटेपाशी. सुई टोचायला आम्ही मोसंबीवर शिकलो. आठ दिवस मोसंबीला पाणी टोचलं, मी तर माझी मोसंबी शेवटी सोलून खाल्ली आन् ती पाणचट निघाली म्हणून बाजारवाल्याला शिव्या दिल्या. मंग बाई म्हणल्या, आता माणूस. आम्ही सगळे मागं सरकलो. बाईंनी सरळ स्वतःची बाही वर केली. काय सांगू तुम्हाला, पाच जणांनी त्या एका दंडावर सुया टोचल्या, आन् बाई आपल्या म्हणून राह्यल्या, तिरपी झाली किसन, काढ, पुन्हा घाल. आपल्याच दंडात पुन्हा घाल म्हणणारा माणूस मी त्याआधी पाह्यला न्हवता.

एकदा एका शिकाऊ पोरीचा पहिला रोगी गेला आन् ती कपड्यांच्या खोलीत जाऊन रडत बसली. बाईंनी तिला समजावलं न्हाई की रागावल्या न्हाईत. तिचं तोंड धुवून दिलं, हाताला धरून आणलं आन् दोघींनी मिळून त्या म्हाताऱ्याला आंघोळ घातली. बाई त्या मेलेल्या माणसाला सांगत होत्या, बाबा, आता कुशीवर घेते हां. ती पोर मंग पुन्हा कधी पळाली न्हाई.

तर श्वासाचं असं असतं, की रोग्याला सांगून तो मोजता येत न्हाई. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघायच्या बहाण्यानं मनगट धरायचं, नजर छातीवर ठेवायची आन् पुरा एक मिनिट मोजायचं. बाईंनी हे दहादा शिकवलेलं. पण वॉर्डातल्या सिनियर लोकांनी दुसरं शिकवलं. ताप बघ, नाडी बघ, श्वास कोण मोजतंय, वीस लिही. वॉर्डाच्या तक्त्यांवर सगळा जालना वीसच श्वास घ्यायचा.

त्या दिवशी मला जल्दी होती. मस्तगडात शिंप्याकडं नवी पँट टाकली होती, खाली मोठ्या घेराची, तशी फॅशन होती. ड्युटी सुटायला आली, दुपारची जेवणं झालती, मी भराभरा वीस-वीस-वीस ओढले. आन् मागं कापडी बूट.

बाईंनी तक्ता घेतला. आठ नंबरवाला कुठंय? म्हणलो, आंघोळीला गेलाय. कधीचा? झाला असंल अर्धा घंटा. बाईंनी रिकाम्या खाटेवर हात ठेवला. मंग किसन, ही गादी वीस श्वास घेऊन राह्यली का?

सगळा वॉर्ड हसला. मीबी हसलो थोडासा. बाई हसल्या न्हाईत. म्हणल्या, एक खोटा, म्हणजे चौदांचंही आपल्याला काहीच माहीत न्हाई. आन् मला तिथंच सोडून एकेकाचं तोंड बघत पुढं निघाल्या.

अकरा नंबरला शेषराव होता, परतूरकडचा सालगडी. सकाळी कडब्याच्या गंजीत त्याला नाग चावल्ता. इंजेक्शन दिलं होतं, दहा वाजता तर उठून बसून बोलत होता, आता डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपलाय. बाई म्हणल्या, शेषराव, वर बघा. पापण्या उचलंनात. म्हणल्या, एका दमात आकडे म्हणा. एक, दोन, तीन, करत नऊवर त्याचा दम सरला. बाईंनी एका शिकाऊ पोरीला डॉक्टरसाहेबांकडं पळवलं. पुन्हा म्हणा. सहा. पुन्हा म्हणा. चार. नागाचं विष दमावर येतं, छाती हालायची बंद होते, हे आम्हाला शिकवलेलं होतं. मी उभा, हातात तक्ता, तक्त्यावर वीस.

डॉक्टर आले, घशात नळी घातली, आणखी इंजेक्शनं दिली. तवर शेषरावाची छाती थांबली होती. नळीला रबरी पिशवी जोडली, ती दाबली की हवा आत जाती. बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली. म्हणलो, बाई, दुसऱ्या कुणालाबी द्या. म्हणल्या, तुझ्याच हातात राहील.

मी भ्यायलेलो, तर भसाभसा दाबायला लागलो. बाई समोर स्टुलावर बसल्या. म्हणल्या, पिशवीकडं बघू नको, माझ्याकडं बघ, मी श्वास घेईन तवा दाब. आन् त्या श्वास घेऊ लागल्या. संथ. एक हात शेषरावाच्या कपाळावर, आन् मधी मधी त्याला सांगत होत्या, शेषराव, तुम्हाला ऐकू येतं, मला माहितीय. हातपाय विषानं हालत न्हाईत, ते हालतील. किसन तुमचा श्वास घेतोय, बराबर घेतोय. ज्यानं गादीचा श्वास लिहिला त्याच्याबद्दल बाई हे बोलत होत्या! माझी बोटं आखडली की पोरी पिशवी घ्यायच्या, मंग पुन्हा मी. बाई उठल्या न्हाईत. तीन वाजले, चार वाजले, पाच वाजले, त्यांचा श्वास काही बदलला न्हाई. सांजची उन्हं खिडकीतून आत आली तवा माझ्या बोटांना पिशवीत उलटा ओढा लागला. आतून. शेषरावानं स्वतः हवा ओढली. तसा ओढा मी अजून दुसऱ्या कशात पाह्यला न्हाई.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तक्ता पुढं ठेवला. लिही, श्वास न मोजता लिहिले, आन् सही कर. मला कळत होतं, मेट्रनबाई माझं नाव कापणार आन् मी वडलांसोबत खडीवर. तरी लिहिलं. बाईंनी माझ्या हातातून पेन घेतला आन् खाली लिहिलं, वॉर्डात ही खोड चालते हे मला ओळखता आले नाही, कसूर माझीही. सही. मेट्रनबाईंनी दोन्ही सह्या लई वेळ पाह्यल्या. नाव काही कापलं न्हाई. महिनाभर रोज मला श्वास मोजायला लावले, आन् बाई शेजारी उभ्या राहून मनात मोजायच्या. आधी माझे चार-पाच चुकायचे. नंतर दोघांचा आकडा एकच निघायला लागला.

आता बाई बदलून औरंगाबादला गेल्या, मी त्याच वॉर्डात कायम झालो, नव्या पोरींना खाटेपाशी नेतो. मागच्या हप्त्यात शेषराव पायाला पट्टी बांधायला आल्ता. मंग काय, मी पोरींना गोळा केलं आन् सगळं रंगवून सांगितलं, पिशवी कशी दाबली, बोटं कशी आखडली. पोरी माझ्याकडं देव बघावा तशा बघून राह्यल्या. शेषरावानं सगळं ऐकून घेतलं, पाय खाली सोडला आन् म्हणला, पोरींनो, मला बाईंनी वाचवलं. मला तवा समदं ऐकू येत होतं. ह्यो पिशवी दाबता दाबता इचारत होता, बाई, हा मेला असंल तर मी चहा पिऊन येऊ का?